दोन एक्के आणि चार गडी

धुलाई कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर उभा राहणाऱ्या त्या माणसाला सगळे टक्केसाहेब म्हणत. साहेबपणाचा वाराही त्याला लागला नव्हता, पण पत्त्यांचा विषय निघाला की त्याच्या तोंडून टक्केच बाहेर पडत. चादरीवर इस्त्री फिरवता फिरवता तो सांगायचा, अमुक पानं आली तर शंभरात इतक्या वेळा जिंकाल. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

तिथली रीतही पत्त्यांना सोयीची होती. कपड्यांची निसटलेली बटणं एका डब्यात साठत. आठवड्याच्या सुट्टीला जो कामावर येईल त्याला मुकादम एक बटण देई, आणि शनिवारी जेवणाच्या सुट्टीत या बटणांवर पोकर रंगे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची सामाईक पाच, आणि ज्याचं सगळ्यांत चांगलं जुळेल त्याची सगळी बटणं. एक बटण म्हणजे एक दिवसाची रजा. बटण कुणाला फुकट देता येत नसे, जिंकावंच लागे. नाहीतर दांडगे लोक नवख्यांच्या रजा उकळतील, असं मुकादमाचं म्हणणं.

टक्केसाहेबाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे भावजी, तिथेच धुण्याच्या यंत्रावर होते. पत्त्यांच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. पण ताईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. बाई तशी धीराची, फक्त एकच हट्ट धरून बसली की यजमान उशाशी हवेत. भावजींनी महिनाभर एकही सुट्टी न घेता चार बटणं जमवली. डॉक्टर म्हणाले, आठवडा तरी लागेल. उरलेले दिवस आणायचे कुठून, म्हणून त्यांनी मेहुण्याला गाठलं.

"दोन एक्के आले तर मागेपुढे पाहू नका," तो म्हणाला. "शंभरात पंच्याऐंशी वेळा तुम्हीच."

आकडा खरा होता, पण समोर एकच गडी असेल तेव्हा. तेवढं सांगायचं राहून गेलं, कारण भावजींच्या डोळ्यांतलं कौतुक बघून स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली होती.

शनिवारी भावजींना खरोखरच दोन एक्के आले. टक्केसाहेब आपली पानं टाकून शेजारीच बसला होता. भावजींनी चारही बटणं पुढे सरकवली. तेवढीच बटणं टाकून एक गडी आला, मग दुसरा, मग आणखी दोघे. जितके गडी जास्त तितकी बटणं जास्त, म्हणून भावजी खुशीत. टक्केसाहेबाच्या डोक्यात मात्र आकडा खाली उतरत चालला होता: पंच्याऐंशी, त्र्याहत्तर, चौसष्ट, छप्पन्न. एक्के तेच होते, पण चौघांपैकी कुणाचं ना कुणाचं काहीतरी जुळण्याची भीती वाढत होती. आता बोलून उपयोग नव्हता, बटणं पडली होती. मधली पानं एकेक करून उघडली. चौथ्या पानापर्यंत भावजीच पुढे होते. पाचवं पान छक्की निघालं आणि चौघांतल्या एकाच्या, कपडे पोचवणाऱ्या गाडीवाल्याच्या, हातात छक्क्यांची जोडी होती. तीन छक्क्यांपुढे दोन एक्के काय करणार?

दुपारभर इस्त्री फिरवत तो स्वतःची समजूत घालत राहिला. डाव चुकीचा नव्हताच. चार टाकून वीस मिळायचे, तेही निम्म्याहून जास्त वेळा. असे शंभर शनिवार खेळलं तर बटणांची रास लागेल. पण ही सबब काही केल्या घशाखाली उतरेना. ताईचं ऑपरेशन काही शंभर वेळा होणार नव्हतं.

भावजी त्याला एका शब्दानेही बोलले नाहीत. घरी रजा मिळाली नाही एवढंच सांगून मोकळे झाले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. त्यांच्याकडे बघायची त्याला लाज वाटू लागली.

ऑपरेशनच्या दिवशी त्याची स्वतःची सुट्टी होती, म्हणून ताईजवळ तोच होता. तिला चाकांच्या खाटेवर घेतलं तेव्हा ती म्हणाली, "शंभरातले नव्वद बरे होतात म्हणे. तुला यातलं कळतं ना? सांग की, मी नव्वदांत की दहांत?"

"मला नाही गं कळत, ताई," तो म्हणाला. "आणि आज भावजी इथे नाहीत ते माझ्यामुळे. मी त्यांना अर्धंच सांगितलं."

ताईने त्याच्या हातावर थोपटलं. रागावली की तिला कळलंच नाही, ते त्याला समजेना. खाट आत जाऊ लागली तरी ती मान उंचावून त्याच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत होती, यजमान अजूनही येतील म्हणून.