एका ग्रॅमचा हिशेब

सत्त्याहत्तर साली प्रेमलता ढोके नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वडील धोंडबा कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचे. छप्पनच्या धम्मदीक्षेला त्यांनी तिला खांद्यावर बसवून नेलं होतं. वाकून चालायचं नाही, एवढंच त्यांनी तिला शिकवलं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दहावीच्या मुलींनी एक हिशेब मांडायचं ठरवलं : एका ग्रॅम वस्तुमानात ऊर्जा किती? प्रेमलताने तो आधी घरी वडिलांना सांगून पाहिला. बोराच्या बीएवढा, ग्रॅमभर कोळशाचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, याचं वजन घ्या, त्याले प्रकाशाच्या वेगानं दोनदा गुणा. अडीच कोटी युनिट वीज होते. तुमचे चारही संच दोन दिवस पुरे चालले, तरी तेवढी होत नाही."

धोंडबांनी खडा निरखला. "मंग आमी गाड्याच्या गाड्या काहून जाळून राहिलो वं?"

"जाळल्यानं ती निघत नाही. जळताना वजन इतकं थोडं घटते, का कोणत्याच काट्याले कळत नाही. बाकी सारी आतच राह्यते."

"आतच राह्यते," धोंडबा म्हणाले आणि बराच वेळ त्यांनी खडा खाली ठेवला नाही.

मुख्याध्यापक चंपतरावांना मात्र विषय पसंत पडला नाही. "बाई, हे कॉलेजचं काम. आपल्या पोरींना याचा काय उपयोग? साबण करून दाखवा. आणि तुम्हीही जरा आपली पायरी ओळखून विषय निवडत जा."

पायरी हा शब्द तिला बरोबर कळला. "हिशेब राहील, सर," ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या सकाळी तिच्या वर्गाचं टेबल जागेवर नव्हतं. मुली रडकुंडीला आल्या. प्रेमलताने खडूची पेटी उचलली, पदर खोचला आणि हॉलच्या दारातल्या फरशीवरच हिशेब मांडायला बसली. मुलीही बसल्या. उत्तर ज्यूलमध्ये होतं, नवावर तेरा शून्यं द्यायची होती. शेवटचं शून्य उंबरठ्याला टेकलं. चंपतरावांनी शिपायाला फरशी पुसायला लावली. तो पुसून गेला, मुलींनी पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा ओलं फडकं घेऊन आला तेव्हा प्रेमलता आकड्यांच्या मधोमध उभी राहिली.

"मी इथून हलणार नाही. पुसायचंच असेल तर सरांनी स्वतः यावं."

चंपतराव आले नाहीत. पाहुणे, पालक, सगळे कडेकडेने आत शिरले. काही थांबून विचारत, मुली सांगत. पाळी संपवून धोंडबा कोळशाच्या धुळीने माखलेल्या कपड्यांत तसेच आले आणि लेकीशेजारी उभे राहिले.

बक्षीस साबणाला मिळालं. सोमवारी तिच्याकडून विज्ञान काढून शिवणाचे तास दिले. तिने लेखी कारण मागितलं. ते मिळालं नाही. ती काज-बटणं शिकवत राहिली आणि शाळा भरण्याआधी आवारातल्या कडुनिंबाखाली भौतिकशास्त्र शिकवू लागली. आधी तिघीचौघी येत, परीक्षेच्या सुमारास अर्धा वर्ग येऊ लागला. चंपतरावांनी नोटीस काढली, तर ती फाटकाबाहेर रस्त्याकडेला बसून शिकवू लागली.

जूनमध्ये विज्ञानाला दुसरं कोणी मिळेना. चंपतरावांनी तिला बोलावलं. "घ्या तुमचे तास. पण अभ्यासक्रमाबाहेर जायचं नाही."

"बाहेरही जाईन, सर," प्रेमलता म्हणाली आणि वेळापत्रक घेऊन वर्गाकडे निघाली.