साळवी काका आणि पेट्रोलचा काटा

नव्वदीच्या दशकाच्या मध्यात माझं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटला होतं. आर्मी सर्व्हिस कोअरची ट्रान्सपोर्ट कंपनी, रँक हवालदार, काम ड्रायव्हिंग. गुडगावला तेव्हा काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. रस्त्यावर दर थोड्या दिवसांनी नवं मॉडेल दिसायचं. आम्ही आपले त्याच जुन्या गाड्या पुसत बसायचो.

सिव्हिलियन माणूस प्रवासाला निघताना टाकी भरतो. फौजी ड्रायव्हर परत आल्यावर भरतो. त्याला लास्ट परेड म्हणतात. गाडी टाकी भरूनच उभी करायची, कारण पुढचा हुकूम कधी येईल ते सांगता येत नाही. सकाळी फर्स्ट परेडला तेल, पाणी, हवा बघायची आणि टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल मोजायचं. डॅशबोर्डवरच्या काट्याकडे आम्ही फारसं बघत नसू. तो काटा कसा चालतो ते मला एका माणसाने शिकवलं. हल्ली दिल्लीत आमच्या सोसायटीतली पुण्या-मुंबईकडची मुलं गाडीने गावी निघाली की विचारायला येतात. त्यांना मी काटा समजावतो, पण त्या माणसाबद्दल सहसा बोलत नाही.

जानेवारी होता. पहाटे सुभेदारसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ॲडज्युटंटसाहेब उभ्यानेच बोलले.

"शिंदे, मराठी येतं ना?"

"सातारचा आहे, सर."

"फरीदाबादला जा. लान्स नाईक अविनाश साळवी, काल गस्तीवर गोळी लागून गेला. बॉडी पठाणकोटला आणली आहे. आईवडिलांना घेऊन जायचंय. धुक्यामुळे विमान नाही, ट्रेनचा भरवसा नाही. अंत्यसंस्कार आजच. त्याच्या युनिटचे कमांडिंग ऑफिसर, सी.ओ., सूर्यास्तापर्यंत थांबतील."

"सर."

"माझी स्टाफ कार ने."

तेव्हा जवानाचं पार्थिव घरी पाठवायची पद्धत आजच्यासारखी रुळलेली नव्हती. युनिट तिथेच अंत्यसंस्कार करायचं आणि घरी अस्थी जायच्या. या आईवडिलांना मुलाचा चेहरा बघायचा असेल, तर सूर्य मावळायच्या आत पाचशे किलोमीटर कापायला हवे होते. स्टाफ कार म्हणजे काळी ॲम्बेसेडर. टाकी भरलेली होती, डिकीत दोन जेरीकॅन होते. अविनाशच्या आईला मागे आडवं होता यावं म्हणून को-ड्रायव्हर घेतला नाही.

अविनाशचे वडील, साळवी काका, फरीदाबादच्या एका कारखान्यात फोरमन होते. कोकणातून मुंबई आणि मुंबईतून बदलीवर इकडे, त्याला वीसेक वर्षं झाली होती. ते बंद गळ्याचा स्वेटर घालून दारातच उभे होते. काकू डोळे पुसून तयार होत्या. त्यांनी मला चहा विचारला. घरात असं झालेलं असताना त्या मला चहा विचारत होत्या.

काका पुढे माझ्या शेजारी बसले. दिल्ली ओलांडून आम्ही जी.टी. रोडला लागलो. धुकं असं होतं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवासुद्धा जवळ गेल्यावरच दिसायचा. मी तीस-चाळीसच्या वर जाऊ शकत नव्हतो. मग काका अचानक बोलले.

"तुमचा काटा हलतोय."

"जुनी गाडी आहे, काका. हलतो."

"आमच्याकडे बनतो हा. फ्यूएल गेज. माझंच डिपार्टमेंट आहे."

आणि ते सुरू झाले. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, आपल्या पाण्याच्या टाकीत असतो तसा. त्याला एक दांडी. पेट्रोल उतरलं की गोळा उतरतो, दांडी तारेच्या गुंडाळीवरून सरकते, वीज कमी-जास्त होते आणि इकडे काटा हलतो. टाकी काठोकाठ भरली की गोळा वर टेकतो आणि बराच वेळ तिथेच राहतो, म्हणून सुरुवातीला काटा हलतच नाही. माणसाला वाटतं, वा, काय ॲव्हरेज देते गाडी! अर्ध्याच्या खाली मात्र तो भराभर उतरतो, कारण टाकी काही डब्यासारखी चौकोनी नसते. चढावर वेगळं दाखवतो, उतारावर वेगळं. बघायचं तर गाडी सपाटीवर थांबवून बघायचं.

"आणि ई वर आला की संपलं असं नाही," ते म्हणाले. "थोडं ठेवलेलं असतं. आम्हीच तसं सेट करतो."

ते एकसारखे बोलत होते. मागे काकू खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. अविनाशचं नाव कोणीच काढलं नव्हतं.

मुरथलच्या पुढे ते म्हणाले, "जरा थांबवा. काट्याची खात्री करू."

मी थांबलो. टाकी जवळजवळ भरलेलीच होती. त्यांनी उतरून झाकण उघडलं, आत पट्टी सोडली, बाहेर काढून बघितली आणि गाडीला बाजूने धक्का देऊन आतला आवाज ऐकला. दहा मिनिटं गेली. पानिपतला त्यांना पंपावर थांबायचं होतं. तिथे धुक्यात अडकलेल्या ट्रकांची ही रांग! दोन जेरीकॅन आहेत, असं मी सांगितलं.

"जेरीकॅन ठीक आहे हो, पण टाकी पूर्ण असावी. लाँग रूट आहे."

रांगेत पंचवीस मिनिटं मोडली. टाकीत जेमतेम दहा-बारा लिटर मावलं. मला राग आला होता, ते लपवत नाही. मी मनात सूर्याचा हिशेब करत होतो आणि हा माणूस पट्टी पुसत होता. फौजेत असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

कर्नाल आलं. धुकं विरळ झालं, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि काका पुन्हा म्हणाले, "शिंदे, पुढच्या पंपावर घ्या."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. नजर काट्यावर होती आणि काटा अजून 'फुल्ल'वर होता. तेव्हा मला कळलं. या माणसाला टाकीची काळजी नव्हती. पठाणकोट येईपर्यंत त्याचा मुलगा गेलेला नव्हता. जितके पंप मध्ये येतील तितके त्याला हवे होते. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण गाडी थांबवायची की नाही ते मला ठरवता येईना. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती.

पंप दिसू लागला. मी इंडिकेटर दिला.

मागून काकू बोलल्या. सकाळच्या चहानंतरचं त्यांचं ते पहिलं वाक्य होतं.

"अहो, गाडी ठीक आहे. तो तिथे एकटा आहे. त्याला किती वेळ थांबवायचं?"

काकांनी होकाराची मान हलवली. मी इंडिकेटर बंद केला.

त्यानंतर थांबलो ते फक्त जालंधरला, जेरीकॅन ओतण्यापुरतं. काका उतरले नाहीत. पठाणकोटच्या मिलिटरी हॉस्पिटलच्या गेटवर संतरीने विचारलं, "साळवी फॅमिली?" आणि बॅरियर लगेच वर केला. उन्हं पार कललेली होती. पोर्चमध्ये सी.ओ. आणि सहा जवान उभे होते. मी चावीला हात घातला.

"बंद करू नका," काका म्हणाले.

स्विच बंद केला की त्या गाडीचा काटा झटकन खाली पडायचा. मी चावीवरचा हात काढून घेतला. इंजिन चालूच राहिलं. सी.ओ. साहेबांनी ते बघितलं आणि जागच्या जागी उभे राहिले, कोणालाही पुढे येऊ दिलं नाही. काकू उतरल्या, वळसा घालून पुढे आल्या, दार उघडलं आणि नवऱ्याच्या मनगटाला धरलं. लहान मुलाला शाळेत सोडायला न्यावं तशा त्या त्यांना आत घेऊन गेल्या.

सूर्य बुडायच्या आत सगळं झालं. सलामी झाली, बिगुल वाजला. अग्नी काकांनी दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन परत निघालो. निघताना मी टाकी आणि जेरीकॅन भरून घेतले होते. अंबाल्याला एक जेरीकॅन ओतायचा, असं ठरवलं होतं. पठाणकोट सोडलं आणि काका बोलायला लागले. काट्याबद्दल एक अक्षर नाही. अविनाश लहानपणी कसा होता, मराठी बोलताना मध्येच हिंदीत कसा घुसायचा, घरी न सांगता भरतीला कसा गेला, पहिल्या सुट्टीत काकूंसाठी शाल आणली ती पुरुषांची कशी निघाली. काकू मागून चुका दुरुस्त करत होत्या. दोनदा त्या हसल्यासुद्धा. अविनाशला मी काचेपलीकडून, फुलांखाली, एकदाच पाहिलं होतं. त्या दिवशी तो आमच्या गाडीत चांगला आठ-नऊ तास होता.

अंबाला कधी गेलं ते मला कळलंच नाही. मुरथलच्या अलीकडे गाडीने दोन गचके दिले आणि रस्त्याच्या कडेला बंद पडली. काका बोलायचे थांबले. आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. काटा तळाला टेकला होता. गाडीत एक आर्मीचा हवालदार ड्रायव्हर आणि एक फ्यूएल गेजचा फोरमन, आणि टाकी कोरडी.

मी उतरून जेरीकॅन ओतला. काका शेजारी येऊन उभे राहिले, पण त्यांनी पट्टी मागितली नाही. दोन-चार वेळा स्टार्टर मारल्यावर इंजिन सुरू झालं.

"कुठे होतो मी?" काकांनी विचारलं.

"बडखलच्या उतारावर," काकू म्हणाल्या. "तुमची सायकल घेऊन पडला तिथे."

"हां. तर गुडघे फुटलेले, शर्ट फाटलेला, आणि दारात उभा राहून मला म्हणतो, पप्पा, सायकल को कुछ नहीं हुआ."

मी गिअर टाकला आणि गाडी सावकाश घेतली.