टोकदार पाच कुणाचा?

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर ओरेस्ट हनाट्युकला सुख लागायचं, तर त्याची भलतीच पंचाईत झाली.

यॉर्कटन गावच्या धान्यकोठारात उमेदीची वर्षं घालवलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून एकाच नादाला लागला होता. एक सेंटची जुनी नाणी, त्यातही १९६५ सालची. त्या साली राणीच्या चेहऱ्याभोवती कडेला असलेले ठिपक्यांसारखे मणी काही नाण्यांवर बारीक पडले, काहींवर मोठे. आणि सालातल्या पाचाचं टोक कुठे अणकुचीदार, कुठे बोथट. मोठे मणी आणि टोकदार पाच ही जोडी दुर्मिळच. ओरेस्टकडे तसं एक होतं.

त्या दिवशी त्याने ते सहज हातात घेतलं. नवा डोळा म्हणाला, नाणं तांबूस, पाच बोथट. तो मिटून डावा उघडला, तर नाणं तपकिरी आणि पाच टोकदार.

"ॲडलीन, हे काय गं?"

"पडद्यांचं झालं तेच रे बाबा," बायको बटाटे कुस्करता कुस्करता म्हणाली. "पडदे पिवळे पडले म्हणून दोन वर्षं माझ्यामागे लागला होतास ना? ते पांढरेच होते. दुसरा डोळा होऊ दे, जवळचा चष्मा येऊ दे, मग काय ते बघ."

पण ओरेस्टला कुठला धीर? मर्विन न्हाव्याचं नाणं त्याच्या डोक्यात घोळू लागलं. तेही पासष्टचं, तेही मोठ्या मण्यांचं. मर्विनने पूर्वी दाखवलं तेव्हा ओरेस्टने भिंग लावून "बोथट आहे, सोडून दे" असं सांगितलं होतं. तेही याच डोळ्यांनी.

संध्याकाळी तो आपलं नाणं घेऊन मर्विनकडे गेला. दोन्ही नाणी टेबलावर ठेवून त्याने उजव्या डोळ्याने पाहिली, डाव्याने पाहिली, दिव्याखाली धरली, खिडकीशी नेली. एका डोळ्याला दोन्ही बोथट, दुसऱ्याला दोन्ही टोकदार.

"मला विचारू नकोस," मर्विन म्हणाला. "मी हल्ली गिऱ्हाइकाचे कान अंदाजाने चुकवतो."

ओरेस्टने नाणी खाली ठेवली आणि तो थबकला. "मर्विन, यातलं माझं कुठलं?"

"मला काय ठाऊक? सगळा वेळ तूच नाचवत होतास."

शेवटी दोन्ही नाणी एकाच पाकिटात घालून मर्विनच्या कपाटात ठेवली.

दुसरा डोळा झाला, चष्माही आला. ओरेस्टने पाकीट उघडलं. आता शंकेला जागाच नव्हती: एक पाच सुईसारखा टोकदार, दुसरा सरळसरळ बोथट. पण टोकदार कुणाचा? त्याची तेव्हाची पारख खरी असली तर त्याचा. डोळ्यांनी फसवलं असलं तर मर्विनचा.

"तुझाच असणार," मर्विन म्हणाला. "घे आणि घरी जा."

"आणि नसला तर? तुझं चांगलं नाणं मीच टाकाऊ ठरवलं असेल तर?"

"मग तुझ्या बायकोच्या हातचं जेवायला घाल. पण रोज नको, तिचं बीट मला सोसत नाही."

ओरेस्ट हसला, पण नाणं त्याने उचललं नाही. नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबच्या पुढच्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं. खाली दोघांची नावं होती. लोक विचारत, "भागीदारीत घेतलंत का?" मर्विन मान डोलवायचा. ओरेस्ट मात्र चष्मा काढून पुसायला लागायचा.