गारखेड्याची कर्दळ

दिवाळीला लेकीकडे पुण्यात आलेली माझी मावसबहीण मंगलताई परत निघाली आणि मीही तिच्याबरोबर एसटीत बसले. वेरूळ बघायचं होतंच, पण खरी ओढ तिच्या बागेची होती. सकाळची गाडी धरली की दुपारी उशिरा जेवायला पोचता येतं. स्टँडवरून गारखेड्याला, ताईच्या वस्तीत, रिक्षा सहज मिळते.

ताईच्या घरासमोरच्या सार्वजनिक बागेत, तिच्याच पुढाकारानं, नाल्याचं पाणी स्वच्छ करायला पाणथळ तयार केलंय. खडीच्या वाफ्यात कर्दळ लावलेली. पाणी तिच्या मुळांतून झिरपत तळ्यात उतरणार. आम्ही पोचलो तर निम्मा वाफा रिकामा. सोमवारी पालिकेचे साहेब येणार होते. झाडं जगली नसतील तर वाफा बुजवून फरशी घालायची, असं ठरलेलं. ताई कठड्यावर बसूनच राहिली.

"चोरी झाली?" मी विचारलं.

"चोरी कशाची. फुलं आवडली, मुळासकट एकेक गड्डा नेला. त्याला कुणी चोरी म्हणतं का आपल्यात?"

रविवारी वेरूळ सोडून आम्ही टोपली घेऊन दारोदार निघालो. शेजारच्या शोभाकाकूंच्या कुंडीत लाल कर्दळ डोलत होती.

"काकू, कर्दळ लई माजली तुमची. थोडी द्या की बागेला," ताई म्हणाली.

"ही व्हय? ही माझ्या माहेरची हाय."

"मग तर द्याच. खाऊनपिऊन पोसलेली असंल."

काकू हसू दाबत खुरपं आणायला गेल्या. पलीकडच्या नसरीनआपांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मैं दो लेको गई थी, झूट कायकू बोलूं? लेको जाव. पन चाय पीको."

कोपऱ्यावरच्या वहिनी मात्र "आमच्याकडं नाय" म्हणाल्या. कुंपणावरून फुलं दिसत होती. ताई "बरं" म्हणून वळली. संध्याकाळी आम्ही गड्डे लावत होतो, तेव्हा त्या पदराखाली पिशवी घेऊन आल्या.

"कुठं लावू?"

"पाणी येतं त्या तोंडाशी," ताई म्हणाली. खुरपं त्यांच्याकडे सरकवलं.

सोमवारी साहेबांनी माना टाकलेली रोपं बघितली. "हे तर कालच लावलेलं दिसतंय."

"घराघरातून आणून लावलंय, साहेब," त्याच वहिनी म्हणाल्या. "आता बुजवायचं तर आम्हाला विचारून बुजवा."

साहेबांनी वही मिटली. उन्हाळ्यापर्यंत बघू, म्हणाले.

मी ताईच्या जागी असते तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून जाब विचारला असता, आणि एकही गड्डा परत आला नसता. पुण्याला परत आल्यापासून हेच मनात आहे. काल ताईचा फोन आला. वाफ्यात पाणी सोडलंय, नाल्याचा वास थोडा कमी झालाय.

"आणि फुलं? तोडतात अजून?"

"तोडतात की, देवाला लागतात. मुळं राहू देतात."