मामांची एकशे चाळीस पावलं

नांदेड ते लातूर या पट्ट्यात नवराबायकोचं फोनवर भांडण झालं, की त्याचं निम्मं पाप माझ्या मामेसासऱ्यांच्या माथी जातं, कारण ते भांडण त्यांनी जोडलेल्या काचेतूनच गेलेलं असतं. हे मत त्यांचंच आहे आणि ते अभिमानाने सांगतात. इकडे तांब्याच्या तारांच्या जागी पहिल्यांदा काचेची केबल आली, तेव्हा केसाएवढे तंतू सांधायला टेलिफोन खात्याने मामांना बसवलं. मनाने ते अजून तिथून उठलेले नाहीत. आजही सुईत दोरा ओवायचा तर घरातले सगळे पंखे बंद होतात आणि मामी श्वास रोखून उभ्या राहतात. पाहुण्याला मामा चहाच्या आधी खोलीत अंधार करून भोक पाडलेली पाण्याची बाटली दाखवतात. मागून बॅटरी मारली की उजेड पाण्याच्या धारेबरोबर वळतो, काचेच्या तंतूतून वळतो तसाच. माझं लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा ती धार माझ्या मांडीवर वळली, आणि उरलेली बोलणी मी मामांची पँट घालून केली. ती इतकी नेमकी बसली की सासूबाईंना ते शुभलक्षण वाटलं. बिलोलीहून लेकीचा फोन आला तर मामा फक्त "आवाज साफ येतो का?" एवढं विचारतात आणि फोन मामींकडे देतात. "बोलणं काय ऐकायचं? पोचलं म्हंजे झालं," म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात लोह्याकडचा रस्ता रुंद करायचं निघालं आणि खात्याचा एक तरुण इंजिनिअर मामांना शोधत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी लागणार होता, आणि मामांचा अगदी पहिला जोड तिथेच कुठेतरी जमिनीत होता. खुणेचा दगड कुणीतरी कधीच धुणं धुवायला नेलेला. जोड आज सापडला नाही तर उद्या तुटणार होता. मामांच्या जुन्या वहीत एवढंच होतं: मोरीपासून लोह्याकडे एकशे चाळीस पावलं. मोजायला टेप का घेतला नाही, असं त्या पोराने विचारलं.

"टेप ताणतो. पाऊल ताणत न्हाई," मामा म्हणाले.

मला घेऊन ते रस्त्यावरच्या ओढ्याच्या मोरीवर गेले आणि ताठ मानेने एकशे चाळीस पावलं चालले. मजुरांनी तिथे खणलं. काही नाही. मामा पुन्हा चालले, पुन्हा तिथेच आले. मग ते गुडघ्यावर हात ठेवून मोरीच्या कठड्यावर बसले. तिथून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"जावई, माझी पँट बसली होती ना तुम्हाला? मंग पाऊलबी बसंल. चाला तुम्ही."

मी चाललो. माझी एकशे चाळीस पावलं मामांच्या खड्ड्याच्या चांगली वीसेक पावलं पुढे जाऊन संपली. तिथे कमरेच्या वर खोल गेल्यावर जोडाची काळी पेटी लागली. मामांनी खाली उतरून ती आपल्या रुमालाने पुसली.

"उजेड चालू हाय का?"

"हाव मामा, एकदम चालू," इंजिनिअर म्हणाला.

परत गाडीकडे जाताना मी सवयीने पुढे निघालो होतो. लक्षात आलं तसा थांबलो आणि पावलं आखूड केली. मामांना ते कळलं असणारच. त्यांनी नुसता माझा दंड धरला, आणि मोरी येईपर्यंत मनातल्या मनात पावलं मोजत राहिले.