नऊ जणांची एक मार्गारेट

नेव्हिल क्रॅब हा आमच्या कॅरॅव्हॅन पार्कातला एकमेव साहित्यिक. आयुष्यभर लोकांना घरं विकली आणि म्हातारपणी स्वतः चाकांवरच्या घरात आला. एका शनिवारी वाचनालयातल्या लेखन-शिबिराला जाऊन आला, तेव्हापासून न्हाणीघराच्या रांगेतही लोकांना 'आशय काय?' विचारायला लागला. कशाबद्दल लिहिलंय तो विषय, त्यातून काय म्हणायचंय तो आशय, एवढी साधी गोष्ट. पण गड्याने दोन्हींची खिचडी करून ठेवलेली.

तेवढ्यात पार्कची जागा रिसॉर्टवाल्याच्या घशात घालायचं घाटू लागलं. दहा रहिवाशांच्या लेखी हरकती आल्या तर कौन्सिलला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. नाहीतर बंद खोलीत निकाल. आम्ही बिऱ्हाडंच दहा. मी मागे लागून नऊ हरकती लिहवून घेतल्या. दहावी नेव्हिलची, ती त्याला 'सुचत' होती.

शेजारच्या लॉरेनने सगळे कागद त्याच्याकडे दिले. "फक्त प्रूफं बघ, नेव्ह. स्पेलिंग, स्वल्पविराम. बाकी हात लावायचा नाही."

शेवटच्या दिवशी दुपारी मी आणि लॉरेन कौन्सिलच्या काउंटरवर पोचलो, तर हा एकच जाडजूड प्रत घेऊन उभा.

"बाकीच्या कुठायत?" मी विचारलं.

"यातच आहेत. नऊ निवेदक वाचकाला झेपत नाहीत. सगळ्यांची मिळून एक बाई केली. मार्गारेट. विधवा आहे, लंगडते, कुत्रा पाळलाय."

"कुत्रा माझा," लॉरेन म्हणाली. "आणि लंगडतो तो रॉन."

"संपादनात असं होतं."

"संपादन सांगितलं होतं कुणी तुला? प्रूफ बघायचं म्हणजे चुका काढायच्या. तू माणसं काढलीस."

कारकून बाईंनी प्रत चाळली. "छान जमलंय. पण ही एकच हरकत धरणार. आणि या मार्गारेटबाईंचा पत्ता?"

मूळ कागद त्याने रद्दीत घातलेले, म्हणून मी फोन करून सगळ्यांना बोलावलं. रॉनच्या गाडीत कोंबून आले सगळे, भिंतीला कागद टेकवून पुन्हा लिहीत बसले. काउंटर बंद व्हायला आला तेव्हा नऊ झाल्या होत्या. नेव्हिलचा कागद कोरा.

"प्रथमपुरुषी लिहू की तृतीयपुरुषी?"

"पार्क गेला तर तू कुठे जाशील?" लॉरेनने विचारलं.

त्याने खाली मान घालून लिहिलं : बायको इथेच वारली. मला दुसरं घर नाही.

"याला कथानक नाही," तो पुटपुटला.

"नको आहे. सही कर."

शिक्का बसला, सुनावणी मिळाली. नेव्हिल मात्र आठवडाभर पार्कात सांगत फिरत होता, की शेवट फार घाईत उरकला.