सासरा अडकला फोमच्या गाडीत

कैरोतल्या शुब्र्यात जुनी गाडी घेताना बायकोला विचारलं नाही तरी एक वेळ चालतं, पण बय्यूमीला विचारावंच लागतं. शुक्रवारच्या गाडीबाजारात तो रिकाम्या हातांनी जातो, कारण त्याचं हत्यार म्हणजे बोटांची पेरं. विकणारा गाडीचे गोडवे गात असतो आणि बय्यूमी मान तिरकी करून बोनेटपासून डिकीपर्यंत पत्रा टकटक वाजवत जातो. खणखणीत वाजला तर ‘फॅब्रिका’, म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच्या तशी. दबका वाजला तर आत पुट्टी, म्हणजे कुठेतरी आपटलेली. मग तो विकणाऱ्याकडे असा काही बघतो की त्या बिचाऱ्याला शाळेतल्या चोऱ्यासुद्धा आठवतात.

ही खोड त्याच्या हाडात इतकी मुरली आहे की गल्लीतल्या बायका कलिंगडंही त्याच्याकडूनच वाजवून घेतात. त्याची बायको इन्साफ सांगते, “मला मागणी घालायला आला तेव्हा आमचं दार इतका वेळ वाजवत उभा राहिला की माझ्या बापाला वाटलं, याला दारच पसंत पडलंय!”

अशा माणसाची एकुलती एक मुलगी इब्तिहाल, आणि तिने स्वतः पसंत केलेला मुलगा लुत्फी. लुत्फी नोकरी करायचा चष्म्याच्या दुकानात, पण जीव त्याचा दोन दारांच्या एका जुन्या फियाटमध्ये. सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर दोस्तांबरोबर ती भरधाव पळवायची. वजन कमी व्हावं म्हणून त्याने मागची सीट काढली, काचा खालीवर करायच्या मुठीही काढून फेकल्या. वळणावर गाडी पिळवटू नये, बॉडी ताठ राहावी म्हणून तिच्या पोकळ्यांमध्ये फोम भरायचा नाद त्याला लागला. बांधकामात खिडकीच्या चौकटी बसवताना वापरतात तोच डब्यातला फोम. नळी भोकात घालून दाबलं की तो फुगत फुगत आतली सगळी जागा खाऊन टाकतो आणि वाळून घट्ट होतो.

फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना, वाचायचा दिवस ठरला. दोन्ही घरच्यांनी हात उचलून ती एकदा वाचली की लग्नाचा शब्द पक्का झाला. बय्यूमी आधी गाडी वाजवणार आणि मग जावई, हे लुत्फीला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा गाडी तिजोरीसारखी भरीव वाजली पाहिजे असं त्याच्या डोक्याने घेतलं, आणि त्याच दुपारी त्याने उरलेसुरले डबे दारांमागच्या, छत पेलणाऱ्या पत्र्याच्या पोकळ खांबांमध्ये रिकामे केले. प्रेमात पडलेला तरुण आणि त्याच्या हातात फोमचा डबा, मग दुसरं काय होणार!

संध्याकाळी लुत्फीची आई आणि मामा मिठाईचा खोका घेऊन वर बय्यूमीच्या घरी बसले. इन्साफ सरबत ओतू लागली. तेवढ्यात बय्यूमी “जरा आलोच” म्हणून खाली गाडीकडे सटकला आणि लुत्फी त्याच्या मागे धावला.

बय्यूमीने दाराखालचा पत्रा वाजवला. दब्. खांबावर वाजवलं. दब्. दुसऱ्या बाजूला गेला, तिथेही दब्. त्याचा चेहरा उतरला.

“काय रे, कुठल्या खड्ड्यातून उपसून आणलीस ही? पत्र्यापेक्षा पुट्टीच जास्त आहे हिच्यात!”

“पुट्टी नाही हो काका, फोम आहे! वल्लाही, अल्लाची शपथ, अख्ख्या कैरोत इतकी सुरक्षित गाडी मिळायची नाही. बसून तरी बघा.”

बय्यूमी शेजारच्या सीटवर बसला, लुत्फी स्टिअरिंगमागे बसला आणि दोघांनी दारं धाडकन लावून घेतली. बय्यूमीने पट्टा ओढला. पट्टा वीतभर आला आणि थांबला.

“जोरात ओढा, काका.”

बय्यूमीने ओढला. लुत्फीने ओढला. मग दोघांनी मिळून ओढला. पट्ट्याची गुंडाळी त्याच खांबाच्या पोटात होती आणि पोट तर फोमने तट्ट भरलेलं. लुत्फीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, कारण पट्टा म्हणजे पोलीस दिसला की खांद्यावर टाकायची वस्तू, ही आम्हा कैरोवाल्यांची समजूत.

“मग गाडी ठोकली की माझ्या मुलीला कोण धरून ठेवणार? तुझं प्रेम?” बय्यूमी कडाडला. “फातिहा रद्द! मी निघालो.”

पण निघतो कसला? दार उघडेना. ओला फोम खांबातून फुगत कुलपाच्या भोकातून बाहेर आला होता आणि दार चिकटवून बसला होता. लुत्फीच्या बाजूलाही तोच प्रकार. काच तेवढी बोटभर उघडी, आणि ती खाली करायची मूठ कधीच कचऱ्यात गेलेली. आयुष्यभर गाड्या बाहेरून वाजवणारा बय्यूमी आता आतून काच वाजवू लागला.

गल्ली गोळा झाली. समोरच्या बाल्कनीतल्या म्हातारीला खाली गर्दी दिसली, तिला वाटलं जमलं लग्न, आणि तिने जीभ वळवून आनंदाची लांबलचक किलकारी ठोकली. लगेच सगळ्या बाल्कन्यांमधून किलकाऱ्या सुरू झाल्या. आपल्याला वगळून फातिहा उरकली असं समजून लुत्फीची आई तणतणत जिना उतरली. मागून इन्साफ आली, हातात सरबताच्या ट्रेसकट. तिच्या मागे नवा पोशाख सावरत इब्तिहाल.

“अभिनंदन, बय्यूमी!” कोणीतरी ओरडलं.

“अभिनंदन तुझ्या बापाचं! दार उघडा!”

नाक्यावरचा, गाड्यांचे पत्रे ठोकणारा डेंटर मगावरी मोठ्या तोऱ्यात ग्राइंडर घेऊन आला. “सरका, सरका. खांब कापतो आणि जावईबापूंना बाहेर काढतो.” त्याने बटण दाबलं, चाक गरगरू लागलं.

“नको!” लुत्फी आतून असा किंचाळला की बाल्कन्या गप्प झाल्या. “ठिणगी नको! फोम पेट घेईल! त्याचा धूर विषारी असतो, मगावरी, आम्ही आतच मरू!”

मगावरीने घाईघाईने ग्राइंडर बंद केला. बय्यूमी सावकाश लुत्फीकडे वळला.

“म्हणजे गाडी ठोकली की ठिणगी उडायच्या आधी तुझी परवानगी घेते काय रे?”

इब्तिहाल खाली वाकली आणि काचेच्या फटीतून तिने विचारलं, “आणि मी कुठे बसणार होते?”

लुत्फीने पाहिलं. तिच्या जागी तिचा बाप बसला होता, घामाने निथळत, हातात वीतभर पट्टा धरून. लुत्फीला रडूच कोसळलं.

“मगावरी,” तो नाक ओढत म्हणाला, “पुढच्या काचेचं रबर ओढून काढ. काच काढ. आणि उद्या ही भंगारात ने.”

“इंजिन ठेवू का बाजूला?”

“इंजिन ठेव.”

“लुत्फी!” इब्तिहाल ओरडली.

“इंजिनपण ने.”

काच निघाली. चौघांनी बय्यूमीच्या काखांत हात घालून त्याला ओढलं आणि तो बोनेटवरून घसरत खाली उतरला. शर्टाला, मिशीला, सगळीकडे पिवळा फोम. मागून लुत्फी उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला.

“गाडीचं खरं बोललास तर माझी मुलगी मिळायची नाही, एवढं तरी कळत होतं ना?” बय्यूमीने विचारलं.

“कळत होतं.”

“तरी ओरडलास?”

“मग काय करू काका! तुम्ही आत होतात!”

“तूही होतास की रे, गाढवा.”

“हो,” लुत्फी म्हणाला, “ते नंतर आठवलं.”

बय्यूमी त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो इतका हसला की इन्साफला ट्रे खाली ठेवून त्याला धरावं लागलं. हसता हसताच त्याने तिथे रस्त्यात फोमने बरबटलेले दोन्ही हात वर केले आणि फातिहा सुरू केली. मामाने हात उचलले, मगावरीने उचलले, सगळ्या गल्लीने उचलले. लुत्फी तेवढा आ वासून उभा होता. इब्तिहालने कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे त्याचे हात वर गेले.